खुर्चीवरचा ओला टॉवेल

"ओला टॉवेल खुर्चीवर नाही, दोरीवर! किती वेळा सांगायचं?"

दाराशी आलेली लेक दचकली. घरात बाबांशिवाय कुणीच नव्हतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"बाबा, टॉवेलवर ओरडताय?"

"मी नाही, कन्फ्यूशियस ओरडतोय. जिथलं तिथे, ज्याचं त्याला. घर नीट, तर जग नीट. जन्मभर कॉलेजात शिकवलं, तुझ्या आईच्या मात्र गळी उतरलं नाही."

"ती कुठली ऐकतेय!"

"ती जन्मजात ताओवाली. पाण्यासारखं वाहू द्यावं, उगाच ढवळाढवळ करू नये. म्हणायची, टॉवेल काय हो, कुठेही वाळतो."

(इथे आई हसायची.)

लेकीने टॉवेल उचलला. "आणि बुद्ध? तोही शिकवायचात ना? काहीच टिकत नाही, धरून बसलं की दुःख."

"शिकवायचो. पटतंही."

त्यांनी टॉवेल तिच्या हातातून हळूच काढून घेतला, चोळामोळा केला आणि पुन्हा खुर्चीवर टाकला.

"पण आमचं भांडण अजून मिटलेलं नाही गं. आणि तिची बाजू मांडायला आता मीच उरलोय."