बिनसाखरेचा चहा

"देव उगाच कुणाचं बाळ नेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आठवून बघ, काहीतरी चुकलं असेल."

सून मशीनवर गिऱ्हाइकाची पँट आखूड करत होती. तिचं बाळ न रडताच जन्मलं होतं. तेव्हापासून ती आठवतच तर होती! ताप आल्याची थाप मारून एकीचे कपडे उशिरा दिले. दुसरीच्या कापडातला उरलेला तुकडा ठेवून घेतला. त्याच तुकड्याचं झबलं शिवलं, ते अजून मशीनच्या खणात पडून होतं. शोधायला बसल्यावर पापांना काय तोटा?

"प्रवचनातही हेच सांगतात. आवडीचं काहीतरी सोड आणि माफी माग. मी नाही का साखर सोडली?"

सुनेचा पाय थांबला. त्या बिनसाखरेच्या चहावरून घरात सगळे सासूबाईंना चिडवत, म्हणूनच जीभ अशी कडू म्हणत. त्याही हसण्यावारी नेत.

"कधी सोडलीत?"

"पहिली गेली तेव्हा. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. तीही अशीच, न रडता."

साखर सोडण्यामागचं हे कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुमचं काय चुकलं होतं, आई?"

सासूबाई हातातल्या चहाच्या कपात बघत म्हणाल्या, "तेच तर कधी आठवलं नाही गं. डोकं फुटायची वेळ आली, पण आठवलं नाही. म्हणून साखर अजून सोडलेलीच आहे."

सुनेला भडभडून आलं. तिने खणातून झबलं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"ही बाही मी उलटी जोडली होती. उसवली आणि परत लावली, झबलं फाडून नाही टाकलं. चूक माझी, मग कापडाला कशाला शिक्षा? आणि देव आपल्या चुकीची शिक्षा त्या तान्ह्या जिवाला देईल? मला नाही पटत. माझं काही चुकलं नाही, आई. तुमचंही नाही."

सासूबाई झबल्याची इवलीशी बाही बोटांनी सरळ करत बसल्या. मग त्यांनी कप पुढे केला.

"चमचाभर घाल."

सुनेने साखर घालून चहा ढवळला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"फार गोड झालाय गं," त्या म्हणाल्या. पण कप काही त्यांनी खाली ठेवला नाही.