बिनधुराची चूल

धूर मोजायचं यंत्र काल ठकूमावशींकडेच राहिलं, म्हणून आज न कळवता गेले. घर धुरानं भरलं होतं. मावशी खोकत खोकत जुन्या चुलीवर भाकरी भाजत होत्या. विद्यापीठाच्या लहानशा अनुदानातून माझ्या विद्यार्थ्यांनी खपून बनवलेली बिनधुराची चूल कोपऱ्यात होती, लुगड्यात गुंडाळलेली.

आम्ही नेहमी आधी कळवून यायचो; तरीच आमचे आकडे इतके छान येत होते. मला रागच आला.

"मावशी, ही पेटवत नाही तुम्ही?"

"तुम्ही येता तेव्हा पेटवते की. पहिल्या दिवशी आमच्या धुरानं तुमचे डोळे केवढे लाल झाले होते, बाई. म्हणून ही तुमच्यासाठी राखून ठेवली. रोज वापरून काळी कशाला करू? थांबा, लावते आता." त्या घाईघाईनं लुगडं सोडायला लागल्या.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

"मावशी, यापुढे मी सांगून येणार नाही. सकाळी येईन, संध्याकाळी येईन, कधीही येईन."

विचार करत त्यांनी लुगडं सोडून बाजूला ठेवलं.

"म्हणजे आता रोजच पेटवायला हवी," असं म्हणत त्यांनी जुन्या चुलीतलं जळतं लाकूड काढलं आणि नव्या चुलीत सारलं.