नकाशातली खिडकी

इंदूने ओट्यावरच्या भिंतीला छिन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला. गिलाव्याचा ढलपा खाली पडून फुटला.

"अगं, निदान मिस्त्री तरी बोलावू," तिचा नवरा नीलकंठ दारातून म्हणाला.

"तीन येऊन गेले. बिल्डरची परवानगी नाही म्हणून हात लावत नाहीत."

रविवार सकाळ, बनारसचा जून. बत्ती सहालाच गेली होती. भिंतीतला धूर ओढणारा पंखा बंद, आणि न्याहारीच्या फोडणीचा घशाला झोंबणारा खाट अजून घरातच कोंडलेला. आठ वर्षांच्या लेकीला, मधुराला, त्यांनी बाल्कनीत उशीला टेकून बसवलं होतं. तिच्या श्वासाची शिटी आतपर्यंत ऐकू येत होती. काल डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारलं होतं, "स्वयंपाकघराला खिडकी आहे?"

नकाशात होती. इमारतीच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत मोकळा चौक आणि प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी त्या चौकात. बिल्डरने चौक तेवढा ठेवला, खिडक्या विटांनी बुजवल्या. पंखे दिलेत की, असं त्याचं म्हणणं.

आवाज ऐकून त्याचा सुपरवायझर जिना चढून आला.

"भाभीजी, ये क्या कर रही हैं? पूरी दीवार बैठ जाएगी!"

नीलकंठ रेल्वेत इंजिनियर होता. त्याच्याने राहवलं नाही. "नहीं बैठेगी. चार इंच की दीवार है, वजन बीम पर है."

"लेकिन साहब, पंखा तो लगा है न?"

इंदूने पंख्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पातं हललं नाही.

"चलाइए," ती बाजूला होत म्हणाली.

सुपरवायझरने स्वतः बटण दाबून पाहिलं. मग 'मालिक को बताना पड़ेगा' असं पुटपुटत उतरून गेला.

"केस करतील," नीलकंठ म्हणाला.

"करू देत. मंजूर नकाशा त्यांचाच आहे. तोच दाखवीन."

तिच्या तळहाताला फोड आला होता. तिने हाताला पदर गुंडाळला आणि पुन्हा हातोडा उचलला. नीलकंठने बाह्या वर सारल्या.

"अशी नको, तिरपी धर. छिन्नी दे माझ्याकडे, तू ठोक."

तासाभराने पहिली वीट सुटली. नीलकंठने ती आत ओढून घेतली. मग दुसरी, तिसरी. कोंडलेला खाट त्या भोकातून चौकात सरकू लागला, वर गच्चीकडे. बाल्कनीच्या दाराचा पडदा आपसूक आत फुगला.

"आई, वारा!" मधुरा ओरडली. ओरडल्यावर तिला खोकला आला नाही.

इंदूने भोकातून डोकावून पाहिलं. सात फुटांवर समोरच्या घरातल्या गीताभाभींच्या स्वयंपाकघराची बुजवलेली भिंत होती. बघता बघता तिच्यावरचा गिलावा तडकला, आणि आतून ठोका ऐकू आला.