आशीर्वादाआधीचा घोट

देवाजवळ शहाणपण कसं मागावं, हे पाळकसाहेब गेली पंचवीस मिनिटं जीव तोडून सांगत होते, आणि दुसऱ्या बाकावर नरहरीभाऊ घामानं निथळत होते. जानेवारीतली सकाळ. थंडी म्हणून पंखेसुद्धा बंद होते.

बायकांच्या बाजूला बसलेल्या मंदाकिनीबाईंनी नवऱ्याची मान कललेली पाहिली आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. सकाळी त्यांनीच इन्सुलिनचं इंजेक्शन टोचलं होतं. ओट्यावर पोहे झाकून ठेवले होते, आणि प्रभुभोजनात भाकरीबरोबर द्यायचा रस करायला म्हणून त्या पुढे चर्चमध्ये आल्या होत्या. प्रभूच्या मेजावर उपाशीपोटी जायचं, हा मंडळीचा जुना रिवाज. पण इंजेक्शननंतर खायलाच हवं, असं भाऊंना डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि भाऊंनी मुकाट्यानं मान हलवली होती. मान हलवायला काय जातंय! पोहे तसेच ठेवून आला असणार हा माणूस.

तेवढ्यात भाऊ बाकावरून खाली घसरले.

"प्रार्थना करा, प्रार्थना करा!" मंडळीचे कारभारी शंकरभाऊ ओरडले. माणसं सगळी मायाळू. भराभर गुडघे टेकले, डोळे मिटले. मागे कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावला; गाडी पार तिकडून, तेलीबांध्याहून निघाली म्हणे. रायपूर राजधानी झालं म्हणून गाडीला पंख थोडेच फुटतात!

मंदाकिनीबाई उठल्या आणि तडक मेजाकडे गेल्या. पांढरं कापड उचललं, काळ्या मनुका उकळून केलेला रस पेल्यात ओतला.

"दीदी, का करून राहिल्या?" शंकरभाऊंनी एक डोळा उघडला होता. "पाळकसाहेबानं आशीर्वाद नाही मांगतला अजून त्याच्यावर!"

बाईंचा हात थबकला. बारा वर्षं रस त्याच करत होत्या, पण आशीर्वादाआधी त्या कापडाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. भीती वाटली, खरंच वाटली.

"शुगर पडली त्यायची," त्या म्हणाल्या. "यात साखर हाये. बाजूला व्हा, शंकरभाऊ."

नरहरीभाऊंना अजून गिळता येत होतं. बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट रस पाजला. चार-पाच मिनिटं गेली. ती कशी गेली, ते बाईंनाच ठाऊक.

मग भाऊंनी डोळे नीट उघडले, ओठ चाटले. "मंदे, लय गोड केला वं यंदा."

"पोहे काहून नाही खाल्ले?" बाई कडाडल्या, आणि लगेच हमसून रडायला लागल्या. हसू पण येत होतं. जीव भांड्यात पडला होता.

शंकरभाऊंनी कपाळ पुसलं. त्यांनाही हायसं वाटलं होतं, पण नजर मेजावरच्या विस्कटलेल्या कापडाकडे जात होती. "पाळकसाहेब, आता कसं करायचं? आशीर्वाद तर राहूनच गेला."

पाळकसाहेबांच्या हातात उपदेशाचे तीन कागद अजून बाकी होते. ते त्यांनी घडी करून खिशात घातले. खाली येऊन बाईंच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि मेजावर मधोमध, भाकरीशेजारी ठेवला.

"राहिला ना? मांगू मग," ते म्हणाले, आणि त्या रिकाम्या पेल्यावर त्यांनी दोन्ही हात धरले.