एकोणतीस मुलींच्या ओळी

भावना मॅडमचा सरळ ओळींवर भारी जीव. स्नेहसंमेलनाच्या नाचाला मुली होत्या एकोणतीस आणि सारख्या ओळी काही केल्या जमेनात. एकीला गाळलं की अठ्ठावीस, मग चार ओळी झकास. गाळायचं कोणाला हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी बघितलं मंगळीकडे. डोंगराकडच्या वाडीवरून ती नुकतीच शेणव्याच्या शाळेत आली होती. तिने मान खाली घातली.

वैष्णवीला ते फार लागलं. नववीला सध्या प्रोग्रॅम लिहायला शिकवत होते. कॉम्प्युटरला तरी विचारू, म्हणत तिने मंगळीला संगणकाच्या खोलीत ओढत नेलं. मॅडमही मागोमाग आल्या, गंमत बघायला.

प्रोग्रॅम साधाच होता. संख्या घ्यायची, दोनपासून एकेका आकड्याने तिला भागत जायचं आणि बाकी शून्य आली की तो आकडा दाखवायचा. ओळी निदान दोन तरी हव्यात, म्हणून सुरुवात दोनपासून. खुद्द संख्येच्या आधी थांबायचं. अठ्ठावीस घातले, तर दोन, चार, सात, चौदा भराभर आले. एकोणतीस घातले. काहीच आलं नाही.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

वैष्णवी हट्टी. सुरुवातीचा दोन खोडून तिने तिथे एक लिहिला, नुसतं काय होतंय ते बघायला. पडद्यावर एकटा १ उमटला.

मंगळी पुढे वाकली. "म्हंजे एक ओळ चालंल? आमच्या वाडीवं तशीच नाचतात. कमरंला धरून, सगल्यांची एकच साखळी."

मॅडमनी एकदा त्या आकड्याकडे बघितलं, एकदा मंगळीकडे. मग म्हणाल्या, दाखव बरं.

दुसऱ्या दिवशी मैदानात साखळी फिरू लागली. मंगळी सगळ्यांत पुढे, तिच्यामागे वैष्णवी. पाय चुकत होते, मुली हसत होत्या. तेवढ्यात तापातून उठलेली, शाळेतली लहानी नावाची मुलगी फाटकाशी येऊन उभी राहिली. तिलाही नाचायचं होतं.

"आता तीस झाल्या," मॅडम सवयीने म्हणाल्या. "वैष्णवी, तीसला कितीने भाग जातो ते बघून ये गो."

वैष्णवी हलली नाही. "बघायला नको, मॅडम. एकानं सगळ्यांनाच जातो."

आणि मंगळीच्या कमरेवरचे हात सोडून तिने मध्ये लहानीला जागा केली.