दुभाष्याशिवाय

"बाळ मरगळलंय, सकाळपासून लंगोट कोरडाच आहे. मला फार भीती वाटतेय," केतकी म्हणाली. तिच्या कानातल्या दुभाष्या यंत्राने ते इंग्रजीत करून परदेशातल्या डॉक्टरांना ऐकवलं. पडद्यावर उमटलेलं ते इंग्रजी तिने अक्षरं जुळवत वाचलं. 'बाळ शांत आहे, आईला थोडी काळजी वाटते.'

यंत्र सगळ्यांचंच बोलणं असं सौम्य करायचं. त्यामुळे जगातली भांडणं कमी झाली होती.

"उद्या बघू," डॉक्टर हसून म्हणाले.

केतकीने यंत्र कानातून काढलं.

"अगं, हे काय? तुझ्या मोडक्या इंग्रजीला हसतील ते," सासूबाई म्हणाल्या. "आता कोण शिकतं इंग्रजी?"

"हसू देत, आई." ती पडद्याकडे वळली. "डॉक्टर, बेबी नो ड्रिंक. नो सूसू. आय फिअर. यू लुक नाऊ."

तिचा कापरा आवाज ऐकून डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी सावकाश इंग्रजीत बाळाची टाळू दाखवायला सांगितली आणि ती खोल गेलेली पाहून लगेच केतकीच्या जवळच्या रुग्णालयातून ॲम्ब्युलन्स पाठवायला लावली.

संध्याकाळी सलाइन लावलेल्या बाळाने आजीची मांडी भिजवली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"डॉक्टरांना हे मी सांगणार," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत काय म्हणायचं, तेवढं शिकव."