दैवशालाची झडती

यंत्र पुन्हा वाजलं.

दैवशाला चौकटीच्या मधोमध थबकली. पुढं जावं का मागं सरकावं, तिला कळेना. परभणीच्या कोर्टाच्या दारात बायकांची रांग तिच्यापायी खोळंबली होती. "काढा की हो बाई काय असंल ते! आमचा पुकारा व्हईल," मागून कुणीतरी ओरडलं.

पहिल्या खेपेला तिनं मोबाइल आणि चाव्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. मग पदराच्या पिना काढल्या. मग जोडवी. ती निघता निघत नव्हती, थुंकी लावून ओढली. आता गळ्यातलं तेवढं राहिलं होतं. ज्यानं ते बांधलं त्याच्याच दाव्याला ती आली होती. इथं दारातच काढायचं म्हणजे निकाल आधीच लागल्यासारखं तिला वाटलं. तरी तिनं ते डोक्यावरून काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि चौकटीतून गेली.

यंत्र वाजलंच.

"काय लपवायलाव?" दारावरच्या महिला पोलीस वैजयंतीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, सकाळपासूनचा कंटाळा होता.

"काईच न्हाई, म्याडम. देवाशपथ."

"चला इकडं."

बाजूला प्लायवूडचा आडोसा होता, त्याला हिरवा पडदा. दैवशाला आत गेली आणि सांगायच्या आधीच हात वर करून उभी राहिली. आपण काहीतरी गुन्हा केलाय आणि तो काय ते आपल्यालाच ठाऊक नाही, असं तिला वाटायला लागलं.

तसं तिला हल्ली फार वेळा वाटायचं.

तिकडं कोर्टात तिचा भाऊ रामहरी वकिलापाशी बसला होता. तिचा नवरा आसारामही तिथंच होता. आसारामनं सोडचिठ्ठीचा दावा लावला होता. बायको पोटदुखीचं सोंग करते, ऊसतोडीला येत नाही, आली तर फडातच आडवी होते, असं त्यात लिहिलं होतं. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ती बसली की कोयता मोडला, मग आसारामला मुकादम उभा करीना. वकिलांनी मधला मार्ग काढला होता. दैवशालानं जजसाहेबांसमोर म्हणायचं, "माझं चुकलं, सोंग केलं, औंदा तोडीला जाते." की दावा मागं. वालूरहून येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून तिनं तेच घोकलं होतं.

म्हणायला तिला जडही जाणार नव्हतं. दोन-तीन डॉक्टरांनी पोट दाबून गोळ्या दिल्या होत्या. एकानं पोटाचा एक्स-रे फोटो काढायला सांगितलं, तर आसाराम म्हणाला, सुगी झाल्यावर बघू. सासूनं अंगारा लावला. भावजय म्हणाली, वन्सं, काम केलं की दुखणं इसरतंय. सगळेच म्हणायला लागल्यावर खरं काय न् खोटं काय, याचा तिचाच गोंधळ उडाला होता. कळ आली की पोट धरून बसायची आणि स्वतःलाच विचारायची, खरंच दुखायलंय का गं तुला?

वैजयंतीनं हातातलं यंत्र तिच्या खांद्यावरून, काखेतून, पाठीवरून फिरवलं. काही नाही. कमरेवरून पुढं आणलं. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, ते किंचाळलं.

"निऱ्यात काय हाय?"

"काई न्हाई."

वैजयंतीनं निऱ्या चाचपल्या, परकराची नाडी बघितली. हाताला काहीच लागलं नाही. यंत्र पुन्हा धरलं. पुन्हा तिथंच किंचाळलं.

आता वैजयंतीचा कंटाळा गेला. तिनं हळू आवाजात विचारलं, "ताई, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?"

"पिशवी काढली. तोडीला जातानाच, वाटंवरच्या एका दवाखान्यात. मुकादम म्हणला, मग पाळीपायी खाडे पडत न्हाईत."

"आन् पोट? दुखतं का?"

घोकलेलं वाक्य दैवशालाच्या तोंडाशी आलं होतं. साहेबांना सांगायचं ते पोलिसाला सांगितलं तर चालतं का, तेही तिला कळेना. शेवटी म्हणाली, "दुखतं म्हणत होते मी. पण ते सोंग हाय."

वैजयंतीनं यंत्र पुन्हा त्याच जागी टेकवलं. ते वाजलं.

"सोंग कुठं वाजतंय का, ताई? ह्याला लोखंड लागतं. त्या ऑपरेशनवाल्यानं तुमच्या पोटात काहीतरी ठिवून टाके घातलेत."

दैवशालाला पहिल्यांदा शब्दच उमगले नाहीत. मग तिचा हात आपोआप पोटावर गेला, नेहमी जायचा त्याच जागी. तिथं यंत्र होतं. तिची बोटं त्याच्यावरच टेकली. एवढे दिवस ती जागा तिनं डॉक्टरला दाखवली होती, सासूला दाखवली होती, नवऱ्याला दाखवली होती.

"आधी सरकारी दवाखान्यात जाऊन फोटो काढा," वैजयंती म्हणाली. "तारीख काय, पुढची बी मिळती."

इतक्यात पडद्याबाहेरून आसारामचा आवाज आला. "दैवशाले! अगं पुकारा झाला तिकडं. इथं बी नाटकं लावलीस का?"

वैजयंती बाहेर जायला वळली. दैवशालानं तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं पडदा पार बाजूला सारला. समोर आसाराम होता, त्याच्या मागं रांगेतल्या बाया माना वर करून बघत होत्या. दैवशालानं पदर कमरेला खोचला आणि त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली.

"म्याडम," ती म्हणाली, "अजून एकदा वाजवा. ह्यांना ऐकू द्या."